फक्त बार्स? तेही आत्ता नको

ताई, तुमच्या प्रश्नाचा सारांश मला समजला तो असा: लेक 14 वर्षांची, जिम्नॅस्टिक्स करते, लँडिंगला (उडीनंतर जमिनीवर उतरताना) गुडघ्यातला एसीएल तुटला, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा लिगामेंट (हाडाला हाड जोडणारा पट्टा), शस्त्रक्रियेला पाच महिने झालेत. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. डॉक्टर म्हणतात नऊ महिन्यांच्या आत नाव काढू नका, कोच म्हणतात फक्त बार्स (दांड्यांवरच्या कसरती) करू दे, त्यात पायाचं काय काम? आणि लेक रडून रडून घर डोक्यावर घेतेय.

मी स्वतः खेळलोय, नंतर बरीच वर्षं शिकवलंय, आणि गुडघ्याची शस्त्रक्रियाही भोगून झालीय. या वेळी डॉक्टरांचंच ऐका.

बार्सवर असताना पायांना काम नसतं हे खरंच. पण खाली उतरावं तर लागतंच ना! अमेरिकेचा जिम्नॅस्ट ब्रॉडी मॅलोन 2023 च्या मार्चमध्ये श्टुटगार्टला हाय बारच्या (उंच दांडीच्या) डिसमाउंटलाच, म्हणजे शेवटी उडी मारून उतरतानाच पडला आणि गुडघा पार कामातून गेला. चाचणीत डिसमाउंट गाळलं तर गुण कापले जातात. समोर परीक्षक बसलेत, मैत्रिणी बघतायत, अशा वेळी 14 वर्षांची मुलगी 'आज नुसती खाली उतर' हे पाळेल, यावर मी एक पैसाही लावणार नाही.

दुसरं, आत काय चाललंय ते समजून घ्या. एसीएलच्या जागी बसवलेला तुकडा मुळात लिगामेंट नसतो, मांडीतून किंवा गुडघ्यापुढून काढलेला टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) असतो. बसवल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत तो उलट कमकुवत होतो. मग शरीर त्यात रक्तवाहिन्या घालून हळूहळू त्याचं लिगामेंट बनवतं, आणि हे काम वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतं. दुखणं आणि सूज मात्र केव्हाच गेलेली असते. म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळ्यांना वाटतं, पोरगी ठणठणीत आहे, उगाच कशाला घरी बसवायची. पंचविशीच्या आतले जे खेळाडू परत मैदानात उतरतात, त्यांच्यात साधारण चारातल्या एकाचा एसीएल पुन्हा तुटतो, कधी त्याच पायाचा, कधी चांगल्या पायाचा. नऊ महिन्यांच्या आत उतरणाऱ्यांत हा धोका बराच वाढतो.

आज घरी एक करून बघा. तिला पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि ती गुडघ्याने खाली दाबायला सांगा. दोन्ही पायांनी आलटून पालटून. गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला थेंबाच्या आकाराचा स्नायू टणक होताना दिसतो. शस्त्रक्रियेच्या पायाचा तो थेंब अजून सपाट किंवा लुळा वाटला, तर चाचणीचा विषय तिथेच संपला. (टणक झाला म्हणून परवानगी मिळाली असं नाही हं.)

आता ज्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही ते. या वयात नऊ महिन्यांत काही मुली चांगल्या उंच होतात. हात-पाय लांबले की गिरकीचा वेग आणि बार सोडायचा क्षण, सगळंच बदलतं. शरीर नवं आणि हिशोब मात्र जुना. हवेत 'मी कुठे आहे' हेच कळेनासं होतं. पालक याला भीती समजतात, कोच नखरे समजतात. माझ्याकडची एक मुलगी व्हॉल्टच्या (पळत येऊन टेबलावरून मारायच्या उडीच्या) धावपट्टीवरून छान पळत यायची आणि स्प्रिंगबोर्डच्या दोन पावलं आधी थांबायची. एकदा नाही, रोज. गुडघा तोवर सगळ्या चाचण्यांत पास झाला होता. तिला आम्ही पुन्हा साध्या उड्या आणि फोम पिटपर्यंत (मऊ फोमने भरलेल्या खड्ड्यात उतरण्यापर्यंत) मागे नेलं. ती परत आली, पण व्हॉल्ट सगळ्यात शेवटी. माझा क्रम नेहमी हाच: बार्स (डिसमाउंटशिवाय), मग बीमवरच्या (अरुंद पट्टीवरच्या) साध्या गोष्टी, मग फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती), मग व्हॉल्ट. आणि ट्विस्ट (हवेत स्वतःभोवती गिरकी) असलेलं लँडिंग प्रत्येक ठिकाणी शेवटी.

खाण्याबद्दल एकच: 'सराव बंद आहे, वजन वाढेल' म्हणून ताट कमी करू नका. याच महिन्यांत तिला जास्त प्रथिनं लागतात. पाळी थांबली किंवा लांबली तर लगेच डॉक्टरांना सांगा.

करिअर संपतं का? ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेचा एसीएल तीनदा तुटला, तरी टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने व्हॉल्टचं सुवर्ण घेतलं. मॅलोन 2025 मध्ये हाय बारचा जगज्जेता झाला. आपल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरची गुडघ्याची शस्त्रक्रिया 2017 ची, 2018 च्या जुलैत तुर्कस्तानात मेर्सिनला व्हॉल्टचं सोनं, पण पुढच्याच महिन्यात आशियाई खेळांत गुडघ्याच्या दुखण्याने परत डोकं वर काढलं. ताश्कंदला आशियाई विजेती झाली ती 2024 मध्ये. लेकीला ही शेवटची गोष्ट पूर्ण सांगा, मधला त्रास न गाळता.

कोचना सरळ सांगा की या चाचणीला ती नाही. पण जिम बंद करू नका: हँडस्टँड, पोटाची ताकद, डॉक्टर-फिजिओंनी हो म्हटलं तर बार्सवर साधे झोके, आणि खाली उतरताना तिला धरून उतरवायला माणूस. नवव्या महिन्याच्या तपासणीला दोन्ही मांड्यांच्या ताकदीची यंत्रावरची मोजणी मागा. दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान 90 टक्के हवी. नुसत्या एका पायावरच्या उड्यांवर भागवू नका. आणि हेही लक्षात ठेवा, बसून बसून चांगला पायही ढिला पडलेला असतो, त्यामुळे दोन पायांची तुलना फसवी येऊ शकते. ते आकडे आले की इथे टाका, मग फ्लोअर कधी सुरू करायचा ते बोलू.