फरशी पुसायची शीट आणि बोअरचं पाणी

प्रश्न : जिजी, नमस्कार. पुण्याच्या नणंदबाईंनी फरशी पुसायच्या शीटांचं पाकीट दिलं. कागदासारखी पातळ शीट, बादलीत टाकली की विरघळते. त्यांच्या घरी फरशी आरशासारखी दिसते. आमच्याकडे मात्र वाळल्यावर पांढरट पट्टे उठतात आणि पायाला चिकट लागतं. पुढच्या खोलीत टाइल्स आहेत, स्वयंपाकघरात आणि ओट्यावर जुनी शहाबादी. पाणी बोअरचं. शीटा डुप्लिकेट असतील का? की आपलं फिनेलच बरं?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : शीटांवर आळ घेण्याआधी एक सांगा. तुमच्याकडे तूरडाळ लवकर शिजत नाही ना? पाणी तापवायच्या पातेल्याला आतून पांढरा थर धरतो? उन्हाळा संपेपर्यंत कूलरच्या जाळ्या कडक होतात? यावल-रावेर पट्ट्यातल्या बायांना हे विचारायची गरज नाही म्हणा. पाणी जड आहे. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं, क्षार फरशीवर राहतात.

मी जळगावात एकच शीट कात्रीनं अर्धी करून पाहिली. अर्धी वाघूर धरणाच्या नळाच्या पाण्यात, अर्धी शेजारच्यांच्या बोअरच्या पाण्यात. खिडकीखालच्या टाइल्सवर शेजारी-शेजारी दोन पट्टे पुसले. नळाच्या पाण्याचा पट्टा वाळला आणि दिसेनासा झाला. बोअरच्या पट्ट्यावर मात्र सकाळचं तिरपं ऊन पडलं तेव्हा दुधाच्या पेल्याला राहतो तसा पापुद्रा दिसला. मग तिसरा पट्टा नुसत्या बोअरच्या पाण्यानं, शीट न घालता पुसला. पांढरेपणा तिथंही आलाच. तेव्हा पट्टे पाण्याचे. चिकटपणा शीटचा.

तो चिकटपणा असा येतो. शीटमध्ये मळ सोडवणारं द्रव्य असतं, थोडा वास असतो, आणि हे सगळं धरून ठेवणारं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए. जड पाण्यात त्या द्रव्याचं बळ कमी पडतं, फेस येत नाही. फेस नाही म्हणून आपण आणखी एक शीट टाकतो. पुसून झाल्यावर धुवायचं नसतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यामुळे ते सगळं फरशीवरच वाळतं, आणि मग मे महिन्यातली वावटळीची धूळ त्यावर छान चिकटून बसते. फेसावर जाऊ नका. पाकिटावर जेवढ्या पाण्याला एक शीट सांगितली असेल, त्यापेक्षा जास्त टाकू नका. नुसती धूळ असेल तर अर्धीही पुरते. फडकं घट्ट पिळा. टाइल्सवर मागून एक कोरडं फडकं फिरवलं की पांढरेपणा बराच कमी होतो.

पाणीच हलकं करायचं असेल तर आदल्या रात्री बादलीत चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून ठेवा. सकाळी तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसेल. वरचं निवळ पाणी ओतून घ्या, त्यात शीट टाका. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून गळणारं पाणी आपण नालीत सोडतो. ते जवळजवळ क्षाराशिवायचं असतं, पुसायला उत्तम. कूलरच्या टाकीतलं मात्र घेऊ नका. त्यातलं पाणी उडत राहतं आणि क्षार दाट होत जातात, म्हणजे ते बोअरपेक्षाही जड.

शीट गार पाण्यात उशिरा विरघळते, तुकडे फडक्याला गुंडाळतात. थंडीत कोमट पाणी घ्या. एप्रिल-मेत आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी आपसूकच कढत येतं, तेव्हा ही अडचण नाही.

आता शहाबादी. हा दगड चुनखडीचा, कोटा फरशीही त्यातलीच. पांढरे पट्टे काढायला कुणी लिंबू, व्हिनेगर किंवा संडासचं ॲसिड सुचवलं तर टाइल्सचं टाइल्सपाशी. शहाबादीवर थेंबही नको. दगडच खाल्ला जातो, आणि मग घासून पॉलिश केल्याशिवाय गत्यंतर नाही. चुलीपुढे शेवभाजीची तर्री सांडते, भरताच्या फोडणीचं तेल उडतं, ते शीटच्या सौम्य पाण्यानं जाणार नाही. दगड तेल पितो. सांडल्या सांडल्या त्यावर बेसन किंवा राख टाका, शोषू द्या, मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशनं घासा. घरात केळीची कापणी करून आलेले लोक असतील तर चिकाचे थेंब ओले असतानाच पुसा. काळे पडल्यावर शीटही हरते आणि फिनेलही.

पाकिटावर प्लास्टिकमुक्त लिहिलेलं असतं. बाटली वाचते हे खरं, पण पीव्हीए हाही कारखान्यातच बनलेला पॉलिमर. तो पाण्यात विरघळतो. पूर्ण कुजायला मात्र योग्य जिवाणू लागतात, ते सांडपाणी प्रक्रियेत मिळतात. आपली मोरी तर परसातल्या केळीला जाते. म्हणून मी तरी रोज शीट वापरत नाही. पाहुणे यायचे असले की टाइल्सच्या खोलीत वापरते, एरवी साधं पाणी.

प्रश्न : आमचं बाळ रांगतं आहे. शीटनं जंतू मरतात का? त्यात ब्लीचिंग घातलं तर चालेल?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : जंतुनाशक असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती फक्त मळ काढते, आणि रांगत्या बाळाच्या घरात रोजच्याला तेवढं पुरे. शीटनं पुसल्यावर साध्या पाण्याचं एक फडकं फिरवा, फरशी वाळली की मगच बाळाला खाली सोडा. ब्लीचिंग कशातच मिसळू नका. ॲसिडशी गाठ पडली तर क्लोरिन वायू सुटतो. पाकीट वरच्या फळीवर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पोरं शीट तोंडात घालतात, आणि पावसाळ्यात ओल्या हातानं एक काढायला जाल तर सगळ्या एकमेकींना चिकटतात.