कवळीचे पैसे

प्रश्न : ताई, ‘नाटो’ या लष्करी आघाडीतले देश संरक्षणावर आधी 2 टक्के, आता 5 टक्के खर्च करणार असं वाचलं. हा पैसा जमा कुठे होतो? सगळ्यांना एकच टक्का, ही वाटणी न्यायाची आहे का? आणि लहान देश फुकटात बसलेत का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पैसा कुठेच जमा होत नाही. नाटो ही भिशी नव्हे. प्रत्येक देश आपल्याच अर्थसंकल्पातून आपल्याच सैन्यावर खर्च करतो, आणि तो जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, किती टक्के झाला ते मोजलं जातं. 2 टक्क्यांचं उद्दिष्ट 2014 मध्ये वेल्सच्या बैठकीत पक्कं झालं. जून 2025 मध्ये हेगच्या बैठकीत 2035 पर्यंत 5 टक्के ठरले : 3.5 टक्के थेट सैन्यासाठी, 1.5 टक्के पूल, बंदरं, सायबर सुरक्षा अशा पूरक कामांसाठी. मुख्यालयं वगैरेंसाठी समाईक निधी आहे, पण तो त्यामानाने किरकोळ. त्यात 2024-25 मध्ये अमेरिका आणि जर्मनी प्रत्येकी सुमारे 16 टक्के भरत होते.

आता न्यायाचं. एकच टक्का म्हणजे एकच ओझं, हे मला पटत नाही. एकतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं आणि दर वर्षी या धड्याला मी 1951 चं ब्रिटन घेत असे. कोरियात युद्ध पेटलेलं, अमेरिकेचा मित्रदेशांना तगादा, आणि पंतप्रधान ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारने तीन वर्षांत 4,700 दशलक्ष पौंडांची शस्त्रसज्जता जाहीर केली. तोंडमिळवणी करताना अर्थमंत्री गेट्सकेल यांनी काय केलं? 1948 पासून मोफत असलेल्या आरोग्यसेवेत कवळीचे आणि चष्म्याचे निम्मे पैसे रुग्णाकडून घ्यायचं ठरवलं. ती सेवा उभी करणाऱ्या अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडलं. त्यांचं म्हणणं तत्त्वापुरतं नव्हतं. कच्चा माल आणि यंत्रं मिळत नसताना एवढा पैसा खर्चच होणार नाही, असं ते सांगत होते. पुढे चर्चिल पंतप्रधान झाले आणि त्यांनाही तो कार्यक्रम लांबवावा लागला. पैशाचं सोंग आणता येत नाही.

कवळीवर मी अडते, त्याला कारण आहे. माझ्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी कवळी दोन वर्षं पुढे ढकलली होती. तेवढे दिवस ते भाकरी दुधात कुस्करून खायचे आणि आमच्या आधी उठून ताट धुवायचे, कुणाला दिसू नये म्हणून. घराच्या हिशेबात तो खर्च शून्य होता. म्हणून टक्का ऐकला की मी विचारते, यात कुणाच्या ताटातलं काय गेलं?

तेव्हा नाटोनेही हा प्रश्न विचारला होता. 1951 च्या अखेरीस अमेरिकेचे हॅरिमन, फ्रान्सचे मोने आणि ब्रिटनचे प्लाउडन या ‘तीन शहाण्यां’नी देशोदेशीचे जमाखर्च मांडून पाहिले : सेनापतींना किती हवं आणि देशाला किती झेपेल. त्यावर फेब्रुवारी 1952 मध्ये लिस्बनला त्या वर्षासाठी 50 डिव्हिजनचं, म्हणजे हजारो सैनिकांच्या एकेक अशा 50 मोठ्या तुकड्यांचं, लक्ष्य ठरलं. पुढच्या वर्षांचे मोठे आकडे गुंडाळावे लागले हे खरं, पण पद्धत योग्य होती. सरसकट टक्क्यापेक्षा मला तीच हवी.

माझी एक विद्यार्थिनी डेन्मार्कमध्ये आऱ्हूसला असते. तिथल्या सरकारने संरक्षणखर्चासाठी 2024 पासून ‘मोठ्या प्रार्थनादिना’ची सुट्टीच रद्द केली. 1686 पासूनचा दिवस! आदल्या संध्याकाळी गव्हाचे पाव गरम करून, लोणी लावून खायची रीत आहे. पाव अजून मिळतात, ती कळवते, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं असतं. रशियाची भीती तिथे खरी आहे, खर्च करायला हवा हे तिलाही मान्य. पण एक दिवसाचं जादा काम पगारदाराच्या वाट्याला आलं आणि त्याविरुद्ध कोपनहेगनमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांना मी चूक म्हणणार नाही.

राहिले लहान देश. आइसलँड 1949 पासून, म्हणजे स्थापनेपासूनच सदस्य आहे आणि त्याचं स्वतःचं सैन्यच नाही. टक्क्यांत बघाल तर तो फुकट्या ठरेल. पण उत्तर अटलांटिकच्या ऐन वाटेवर त्याने केफ्लाविकला हवाई तळासाठी जागा दिली. अमेरिकी सैन्य 2006 मध्ये तिथून गेलं, तरी मित्रदेशांची लढाऊ विमानं आजही आळीपाळीने तिथूनच गस्तीला उडतात.