वारा सुटला की जीव थाऱ्यावर नसतो

देवगडच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, त्या रात्री बोटीवर गेलेल्या मिस्टरांचा फोन लागला नाही. सकाळी ते सुखरूप आले. पण तेव्हापासून ‘रात्री माड सळसळले काय माझो जीव थाऱ्यार नसता’. छाती धडधडते, हात गार पडतात, रेंज नाही हे ठाऊक असून तुम्ही फोन लावत बसता आणि बोटीवर जायचा हट्ट धरणाऱ्या मुलावर ओरडता. ‘डोक्याला कळता, मग मी येडी झालंय काय?’ असं विचारलंत.

नाही हो ताई. मिस्टरांना विचारा, आठ दिवस समुद्रात काढून जेटीवर उतरलं की जमीन डुलते ना? मेंदू पुढची लाट येणार असं धरूनच चालतो, आणि लाट नसली तरी अंग त्या बेताने झुलतं. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं की आपण बघतो तेही मेंदूने नकळत बांधलेला अंदाज असतो. कवटीच्या अंधारात बसलेल्या मेंदूला दुसरा इलाजही नाही.

तुमच्या मेंदूने त्या रात्री वारा आणि नवरा गमावणं यांची गाठ मारली. आता माड हलले की तो आधीच तयारीला लागतो. वाईट विचार, धडधड, फोनकडे जाणारा हात हे सगळं त्या एकाच अंदाजातून येतं. वर धडधडणारी छाती मेंदूला त्या अंदाजाचाच पुरावा वाटते, आणि न लागलेला प्रत्येक फोन त्यात भर घालतो.

डुलणारी जमीन समजूत घालून थांबत नाही, घट्ट जमिनीवर चालत राहिलं की थांबते. म्हणून निघण्याआधी मिस्टरांशी ठरवा: रेंजमध्ये आलो की मी फोन करीन. तोवर तुम्ही लावायचा नाही. वारा सुटला की मनात येईल ते वहीत लिहा, आणि मिस्टर घरी आले की त्याच्याच खाली ‘आले’ एवढं लिहा. पहिल्या दोन-तीन रात्री फार जड जातील.

हवामान खात्याचा इशारा असेल तेव्हा मात्र तुमची भीती खरी. तेव्हा बोट बंदरातच राहू दे, कुणी काही म्हणो.

झोप पार उडाली असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत नंबरवर बोला. आणि मुलाला आज रात्रीच जवळ बसवून 2021 ची ती रात्र सांगा. आई का ओरडते, ते त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.