फुटक्या खापरांवरून काळ कसा काय ठरवतात?

तुम्ही विचारलंय की नवाश्मयुगात (शेती सुरू झाली आणि घासलेली दगडी हत्यारं होती तो काळ) लिपी नाही, नाणी नाहीत, मग नुसती खापरं बघून "हा थर या काळातला, इथे संस्कृती बदलली" असं पुरातत्त्ववाले कशाच्या जोरावर बोलतात, की सगळं अंदाजपंचे चालतं? नाही हो, अंदाजपंचे अजिबात नाही. मी पुरातत्त्वात एमए केलंय आणि उत्खननात खापरं धुवायची, नंबर टाकायचे, पॉटरी यार्डात (खापरं मांडायच्या मोकळ्या जागेत) थराप्रमाणे मांडायची हे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की खापरच का. तांबं फुटलं-वाकलं की वितळवून परत वापरतात, मणी-दागिने आजीकडून नातीकडे जातात, त्यामुळे ते ज्या थरात सापडतात त्याच्याहून बरेच जुने असू शकतात. मडकं मात्र लवकर फुटतं, फुटलं की त्याची किंमत शून्य, तिथेच आसपास फेकलं जातं आणि वर ते कुजतही नाही. म्हणजे आपल्याच काळाच्या थरात पडून राहणारी वस्तू, तीही ढिगाने.

आता एकटं खापर तारीख सांगत नाही, ते क्रम सांगतं. खालचा थर जुना, वरचा नवा, आणि प्रत्येक थरात कुठल्या प्रकारची खापरं किती टक्के आहेत हे मोजत वर यायचं. कुठलाही प्रकार एका रात्रीत येत नाही, आधी तुरळक दिसतो, मग वाढतो, मग कमी होत संपतो, हा चढउतार हाती लागला की क्रम लागतो. थर नसले तरी जमतं बरं का. इजिप्तमधे फ्लिंडर्स पेट्रीने १९ व्या शतकाच्या शेवटी राजवंशांच्या आधीच्या शेकडो कबरी निव्वळ भांड्यांवरून क्रमाने लावल्या. एका प्रकारच्या भांड्याला नागमोडी मुठी होत्या, त्या पुढे पुढे आखूड होत नुसती नक्षीची रेघ उरली, हा त्याचा एक मोठा धागा होता.

आपल्याकडचं सगळ्यात चांगलं उदाहरण इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं खोदलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मंडळी होती. काटेकोर बोलायचं तर हे ताम्रपाषाणयुग, म्हणजे दगडाबरोबर तांबंही वापरात आलेला काळ, पण दगडी पाती वापरणारे शेतकरीच, आणि पद्धत तीच. तिथे खालून वर तीन टप्पे निघाले: माळवा (साधारण इ.स.पू. १६०० ते १४००), पूर्व म्हणजे आधीचा जोर्वे (१४०० ते १०००) आणि उत्तर म्हणजे नंतरचा जोर्वे (१००० ते ७००). जोर्वे हे संगमनेरजवळचं प्रवरेकाठचं गाव, तिथे ही भांडी १९५०-५१ च्या उत्खननात मिळाली म्हणून ते नाव.

हातात घेतलं की फरक कळतो. माळव्याचं खापर जाडसर, वर पिवळट-नारिंगी लेप, त्यावर काळी किंवा गडद तपकिरी नक्षी, आणि तुटलेली कड भिंगाखाली धरली तर मातीत मिसळलेल्या भुशाच्या बारीक पोकळ्या दिसतात. जोर्वेचं खापर बारीक मळलेल्या मातीचं, चाकावरचं, चांगलं भाजलेलं, लाल-नारिंगी, वर चकाकी नाही, काळ्या रेघांची नक्षी, आणि नखाने टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. आकारही ठरलेले, पोटाला कंगोरा असलेले वाडगे आणि लांब तोटीची भांडी. तोटीचा एवढासा तुकडा मिळाला तरी पुरतं.

तारखा मात्र त्याच थरातला कोळसा नाहीतर जळकं धान्य कार्बन-१४ ला (उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून वय काढायच्या चाचणीला) पाठवून येतात, त्या काळात मुंबईला टीआयएफआर या संशोधन संस्थेत हे काम चालायचं. एका ठिकाणी असा आकडा बसला की तीच खापरं दुसरीकडे उपयोगी पडतात, उदाहरणार्थ कर्नाटकात बेल्लारीकडे टेक्कलकोट्याला दक्षिणेतल्या नवाश्मयुगीन वस्तीच्या वरच्या थरात जोर्वे पद्धतीची भांडी येतात, म्हणजे तो थर साधारण कधीचा ते लगेच कळतं. आता तर भांड्यात मुरलेल्या चरबीवरूनच थेट कालमापन करतात, ब्रिस्टल विद्यापीठाच्या लोकांनी २०२० मधे ही पद्धत मांडली.

संस्कृती बदलली म्हणजे काय, इथे लोक घाई करतात. भांडी बदलली की "नवे लोक आले" असं सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. इनामगावात उत्तर जोर्वेमधे भांडी ओबडधोबड होतात, नक्षी कमी होते, पण आकारांचं घराणं जुनंच आहे. त्याच थरांत आधीची मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शिकारीवरचा भर वाढतो. ढवळीकरांनी याचा संबंध पाऊसमान कमी होण्याशी लावला. आणि लहान मूल गेलं की हाताने घडवलेल्या दोन जाड्याभरड्या मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरायचं ही रीत तेव्हाही चालूच आहे. मला तरी यात तीच माणसं हलाखीत गेलेली दिसतात. म्हणून जेवणाची भांडी, पुरायची मडकी, घरं, हाडं, धान्य हे सगळं शेजारी शेजारी ठेवूनच बोलायचं. प्रवरेकाठच्याच दायमाबादला तर एकाच टेकाडात सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा, जोर्वे अशी पाच प्रकारची भांडी एकावर एक आहेत, तिथेही पाच वेगवेगळे लोक आले असं नुसत्या खापरांवरून म्हणता येणार नाही.

आणि मडकी म्हणजेच नवाश्मयुग हेही धरून चालू नका. बलुचिस्तानातल्या मेहरगढला आणि पॅलेस्टाईनमधल्या जेरिकोला सुरुवातीचे शेतकरी मडक्यांशिवायच राहत होते, उलट जपानमधल्या जोमोन लोकांकडे शेतीच्या कितीतरी आधी मडकी होती.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं म्युझियम आहे, इनामगावचं सामान तिथे आहे. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या) टेकाडावर फिरायला गेलात तर खापरं बघा, फोटो काढा, पण उचलून घरी आणू नका, कारण कुठल्या थरातलं ते माहीत नसेल तर त्या खापरावरून क्रम लावता येत नाही, आणि शेतात टाकायला पांढरी माती नेऊन नेऊन अशी कितीतरी टेकाडं आधीच निम्मी संपली आहेत.