महामारीत विद्यापीठांनी नव्या विद्यार्थ्यांना गाठायचं काम ऑनलाइन कसं केलं? त्याचा खरंच उपयोग झाला का?

झाला. पण आम्ही ज्यावर सगळ्यात जास्त घाम गाळला त्याचा नाही.

मी तेव्हा एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात होते. शाळांत जाऊन बोलायचं, शैक्षणिक मेळाव्यांत स्टॉल लावायचा, भेटीला आलेल्या मुलांना नि पालकांना कॅम्पस फिरवून दाखवायचा, हे माझं काम. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हटलं आणि आठवड्याभरात आमचं वेळापत्रक कोरं झालं. माहितीपत्रकांचे गठ्ठे नुकतेच छापून आले होते, ते सुतळीसकट कपाटात गेले.

मग आम्ही तेच केलं जे बहुतेकांनी केलं. जो कार्यक्रम सभागृहात व्हायचा तोच उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवला. दीड तासाचा वेबिनार, सुरुवातीला स्वागताचं भाषण, मग एकेक विभागप्रमुख. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही (गाढवपणा माझाच). तिसरे सर "आमच्या प्रयोगशाळेत" एवढं म्हणाले आणि सगळे बाहेर फेकले गेले. पुन्हा जोडणी होईपर्यंत निम्मी मुलं गळाली होती. जी उरली त्यांचे कॅमेरे बंद. आपण कुणाशी बोलतोय हेच कळेना.

त्या दिवशी कामाची गोष्ट घडली ती शेवटच्या पाच मिनिटांत. नाव न देता प्रश्न विचारायची सोय होती, तिथे एकाने लिहिलं: "घरात एकच फोन आहे, तो रात्री मिळतो. हे नंतर बघता येईल का?" त्याखाली लगेच दुसरा: "फी हप्त्याने भरता येते का?" आणि तिसरा: "मला इंग्रजी नीट बोलता येत नाही, वर्गात हसतील का?"

स्टॉलवर इतकी वर्षं उभी राहिले, पण हा तिसरा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. विचारणार कसा? शेजारी वडील उभे असतात, मागे मित्र असतात.

तिथून आम्ही दिशा बदलली. लांबलचक वेबिनार बंद. एक तासाच्या व्हिडिओला शेकडो एमबी डेटा लागतो, तो ज्याला परवडतो त्याला आमची तशी गरजही कमी असते. एका प्रश्नाचं उत्तर तीन मिनिटांत, आणि व्हिडिओचं शीर्षक मुलांच्याच शब्दांत. 'शुल्कविषयक धोरण' नाही, 'फी हप्त्याने भरता येते का?'. हे असं लिहायला वरून परवानगी मिळवणं हा चित्रीकरणापेक्षा मोठा उद्योग होता, पण ते जाऊ दे.

कॅम्पसची ३६० अंशांतली, म्हणजे स्क्रीनवर चहूबाजूंनी फिरून बघायची सफरही होती, चांगला खर्च करून बनवलेली. मुलं आत यायची, दोनदा गोल फिरायची आणि निघून जायची. वसतिगृह बंद होतं, त्यामुळे नवं चित्रीकरण शक्य नव्हतं. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने स्वतःच्या फोनच्या गॅलरीतला जुना व्हिडिओ दाखवला. दोन खाटा, दोरीवर ओले टॉवेल, खिडकीत इस्त्री. त्या एका मिनिटावर जेवढे प्रश्न आले तेवढे त्या महागड्या सफरीवर कधीच आले नाहीत.

प्रश्नही बदलले होते. त्या वर्षी आयबी या आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाच्या मे महिन्यातल्या परीक्षा रद्द झाल्या, एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेच्या मे-जूनच्या तारखा रद्द झाल्या, टोफेल ही इंग्रजीची परीक्षा घरून देता येऊ लागली. कॅम्पस किती हिरवागार आहे यात कुणालाच रस नव्हता. परीक्षाच झाली नाही तर प्रवेश कशावर देणार, आणि आधी भरलेल्या पैशांचं काय, एवढंच विचारायचे. आमच्याकडेही उत्तर नसायचं. "अजून ठरलेलं नाही, शुक्रवारी सांगतो" असं स्पष्ट म्हटलं आणि शुक्रवारी खरंच सांगितलं, तर मुलं टिकायची. गोलमोल बोललो की तोच प्रश्न दहा वेळा यायचा.

एवढं करूनही बरीच मुलं हाती लागलीच नाहीत. अर्ज अर्धवट सोडलेल्यांची यादी काढून आम्ही साधे फोन लावले. कुणाची फक्त फोटोची फाइल अपलोड होत नव्हती. कुणाच्या घरची कमाई थांबली होती, तिथे शिष्यवृत्तीबद्दल बोलायला अर्धा तास लागायचा. माझ्या मते त्या काळातलं आमचं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि त्याला धड ऑनलाइनही म्हणता येत नाही.

आता मेळावे पुन्हा भरतात. स्टॉलवर आम्ही एक क्यूआर कोड चिकटवतो, नाव न देता प्रश्न पाठवण्यासाठी. वडील माझ्याशी नोकऱ्यांबद्दल बोलत असतात आणि त्यांच्या मागे उभी असलेली मुलगी खाली मान घालून फोनवर काहीतरी टाइप करत असते.