लोखंडी जहाजं, काड्यापेट्या आणि डिप्लोमाचं चौथं सेमिस्टर

पत्र थोडक्यात: मॅडम, मी इचलकरंजीचा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या महायुद्धातल्या विचित्र रणगाड्यांवर टेबलावर मांडून खेळायचा एक खेळ मी तयार करतोय. चौदा पानांचे नियम लिहिलेत, काड्यापेट्या आणि पुठ्ठ्याचे सात रणगाडे केलेत. सोबत पाठवतोय. नियम चोरीला जातील म्हणून अजून कुणाला दाखवलेले नाहीत. वडील यंत्रमागावर जॉबर आहेत, ते म्हणतात खेळण्यांवर पोट भरत नाही. डिप्लोमा सोडून पूर्णवेळ हेच करावं का? यात करिअर आहे का? कृपया नाव छापू नका.

प्रिय मित्रा,

पार्सल पोचलं. प्रवासात एका रणगाड्याची शेपटी, म्हणजे मागची दोन चाकं, निखळली होती. ती फेविकॉलने चिकटवली आणि मग वाचायला घेतलं, तर लढाईत उतरलेल्या पहिल्या ब्रिटिश रणगाड्याच्या, खऱ्या मार्क वनच्या शेपटीचीही हीच रड! वळायला मदत व्हावी म्हणून लावलेली चाकं. खड्ड्याखळग्यांच्या जमिनीवर ती मोडायचीच जास्त, म्हणून पुढच्या मॉडेलांतून काढूनच टाकली. तेव्हा तुझं मॉडेल इतिहासाला धरून आहे म्हणायचं.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तू जिवाची घालमेल न होता वाचशील. डिप्लोमा सोडू नकोस. खेळही सोडू नकोस.

मला रणगाड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. तुझ्यामुळे दोन रविवार त्यात गेले आणि वाया गेले नाहीत. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये यासाठी समिती नेमली ती नौदल खात्याच्या मंत्र्याने, म्हणजे चर्चिल यांनी. त्यामुळे कागदोपत्री नाव पडलं 'लँडशिप', जमिनीवरचं जहाज. पुढे लिंकनच्या फॉस्टर कंपनीत ते बनायला लागलं तेव्हा गुपित फुटू नये म्हणून सांगितलं गेलं, की या मेसोपोटेमियात पाणी न्यायच्या टाक्या आहेत. 'टँक' म्हणजे आपल्या गच्चीवर असते तीच टाकी! आणि ही गंमत खास तुझ्यासाठी: जमिनीवर चालणाऱ्या लोखंडी युद्धनौकांची कथा एच. जी. वेल्स यांनी १९०३ मध्येच लिहिली होती, आणि याच गृहस्थांनी १९१३ मध्ये खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियमही छापले. म्हणजे तुझा छंद अगदीच बिनघराण्याचा नाही.

आता तुझा खेळ. तू चोरीच्या भीतीने कुणाला दाखवला नाहीस, म्हणून ते काम मी केलं. भाचा आणि त्याचा मित्र, दोघंही बारावीचे, दोघांनीही तुला पाहिलेलं नाही. जेवणाच्या टेबलावर चादर टाकली, तिच्या चुण्यांचे खंदक केले, तुझे नियम हातात दिले आणि चिवड्याची वाटी घेऊन मी गप्प बसले. अट एकच होती, मला काही विचारायचं नाही. चाळीस मिनिटांत त्यांनी अकरा वेळा विचारलंच. "आत्या, अर्धा रणगाडा खंदकात आणि अर्धा बाहेर असेल तर तो आत धरायचा की बाहेर?" याचं उत्तर चौदा पानांत कुठेच नाही. तुझ्या डोक्यात नक्की असणार, पण खेळ विकत घेणाऱ्याला तुझं डोकं मिळणार नाही. प्रत्येक प्रश्न कुठल्या पानावर अडला ते पेन्सिलीने लिहून ठेवलंय, ती प्रत परत पाठवतेय. या धंद्यात याला ब्लाइंड प्लेटेस्ट म्हणतात. तो करवून घेणं आणि त्या वेळी तोंड बंद ठेवणं, हे नियम लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे.

दुसरा घोळ मोठा आहे. तुझ्या नियमांत प्रत्येक फेरीला फासा टाकायचा, १ पडला तर रणगाडा बंद आणि पुढच्या तीन फेऱ्या गप्प बसायचं. भाच्याचा मार्क वन दुसऱ्याच फेरीला बंद पडला, सुरू झाला आणि लगेच परत बंद. तो मोबाइल काढून बसला. मित्र म्हणाला, हा रडीचा डाव आहे. आधी मलाही वाटलं, बिघाडाचं प्रमाणच जास्त झालंय. हिशेब केला: सहा फेऱ्यांत एकदाही १ न पडण्याची शक्यता साधारण ३३ टक्के. म्हणजे तीनपैकी दोन रणगाडे कधी ना कधी बंद पडणार. फार वाटतं ना? मग फ्रान्समधल्या काम्ब्रेच्या लढाईचे आकडे बघ. २० नोव्हेंबर १९१७, पहिल्या एका दिवसात ब्रिटिशांचे १७९ रणगाडे निकामी झाले. त्यातले शत्रूने मारलेले ६५. यंत्र बिघडून थांबलेले ७१, आणि रुतून किंवा खड्ड्यात अडकून बसलेले ४३. दर तिघांतले जवळजवळ दोन शत्रूने हात न लावता गेले! तेव्हा तुझा फासा बरोबर आहे. चुकलंय ते १ पडल्यानंतरचं. गाडी बंद पडली की तुझ्या खेळात खेळणाऱ्याला करायला काही उरत नाही. खऱ्या रणगाड्यात मात्र खरं काम तिथूनच सुरू व्हायचं.

घाटात एसटी बंद पडली की काय होतं? ड्रायव्हर बॉनेट उघडतो, कंडक्टर चाकामागे दगड लावतो, चार उतारू ढकलायला उतरतात, उरलेले सल्ले देतात. मार्क वनमध्ये आठ जण असत, आणि सरळ चालणाऱ्या रणगाड्याला नीट वळवायलाच त्यातले चौघे लागत. आवाज एवढा, की ड्रायव्हर इंजिनाच्या झाकणावर पाना आपटून मागच्या गिअरवाल्यांना खूण करायचा. आतली उष्णता ५० अंशांपर्यंत जायची, वर इंजिनाचा धूर. निरोप पाठवायला कबुतरं. पुढच्या मार्क फोरच्या टपावर एक भलामोठा ओंडका असे. रुतलं की तो साखळ्यांनी दोन्ही पट्ट्यांना, म्हणजे रणगाडा ज्यांच्यावर चालतो त्या कड्याकड्यांच्या लोखंडी पट्ट्यांना, बांधायचा, पट्टे फिरले की तो खाली ओढला जाई आणि त्याच्यावर पकड घेऊन रणगाडा बाहेर. म्हणजे चाकाखाली दगडच! पण तो बांधायला कुणीतरी गोळीबारात बाहेर उतरायला हवं. कोण? तोफेवरचा माणूस पाठवला तर तोफ बंद, गिअरवाला पाठवला तर गाडी निघाल्यावर वळणार नाही. हा निर्णय खेळणाऱ्याच्या हातात दे. आठ माणसं म्हणजे आठ सोंगट्या, एका छोट्या पुठ्ठ्यावर मांडलेल्या. मग १ पडल्यावर भाचा मोबाइल काढणार नाही.

आणि तुझा झार! रशियाच्या त्या प्रचंड यंत्राला तू सगळ्यात ताकदवान केलंयस, म्हणून दोघंही त्याच्यासाठीच भांडले. पुढची दोन चाकं नऊ-नऊ मीटर उंच, म्हणजे तीन मजली घराएवढी, दिसायला बेफाट. पण ऑगस्ट १९१५ मधल्या चाचणीत त्याने एक झाड मोडलं, थोडं पुढे गेलं आणि मागचं छोटं चाक मऊ जमिनीत रुतलं. बाहेर काढता आलं नाही. लढाई न बघता ते तिथेच पडून राहिलं आणि १९२३ मध्ये भंगारात गेलं. फ्रेंचांचं सेंट शामों: ७५ मिलिमीटरची तोफ, पण नाक पट्ट्यांच्या इतकं पुढे आलेलं की खंदक दिसला की नाकच रुतायचं. जर्मनांच्या ए-सेव्हन-व्हीमध्ये अठरा माणसं, आणि असे रणगाडे त्यांनी बनवले एकूण वीस. यातल्या प्रत्येकाचं वेड वेगळं आहे. तू मात्र सगळ्यांना तेच चार आकडे दिलेस: वेग, चिलखत, तोफ, जीव. त्यामुळे नावं सोडली तर सगळे सारखे. आकडे कमी कर आणि प्रत्येकाला त्याच्या वेडाचा एक नियम दे. झारला तर लढाईत आणूच नकोस असं मला वाटतं. त्याच्यासाठी चाचणीचा वेगळा डाव ठेव: सेनापती बघायला आलेत, मैदान मऊ आहे, पलीकडच्या टोकापर्यंत पोचून दाखव.

आता पोटाचा प्रश्न. वडील अर्धे बरोबर आहेत. नुसते नियम लिहून घर चालवणारी माणसं जगभरातही मोजकीच. पण मिनिएचर गेम, म्हणजे छोट्या मॉडेलांनी टेबलावर खेळायचे खेळ, हा उद्योग लहान नाही. नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप डिसेंबर २०२४ मध्ये लंडन शेअर बाजारातल्या पहिल्या शंभर कंपन्यांच्या निर्देशांकात गेली, आणि ही कंपनी प्लास्टिकचे छोटे सैनिकच विकते. अशा उद्योगात नियम लिहिणाऱ्यांपेक्षा मॉडेल घडवणारे, साचे करणारे, पॅकिंग बसवणारे जास्त लागतात. इथे तुझा डिप्लोमा उपयोगाला येतो. धातूची मिनिएचर रबराच्या गोल साच्यात ओततात, साचा गरगर फिरवून. ड्राफ्ट, अंडरकट, पार्टिंग लाइन हे शब्द तू परीक्षेसाठी पाठ केलेस, तेच शब्द तिथे रोज लागतात. आणि तू राहतोस कुठे? कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात, फाउंड्र्यांच्या शेजारी. या सुट्टीत एखाद्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे साच्यासाठीचे नमुने बनवतात तिथे, महिनाभर जा, बिनपगारी का होईना. कॅड येतंच आहे, सोबत ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिक, ते फुकट आहे. थ्रीडी प्रिंटिंगसाठी मॉडेलच्या फाइल्स ऑनलाइन विकता येतात आणि त्यासाठी नॉटिंगहॅमला जावं लागत नाही. सुरुवातीला त्यातून मोबाइलचं बिल निघालं तरी पुष्कळ समज.

डिप्लोमानंतर डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घे. डिग्री झाली की एनआयडीच्या, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनच्या गांधीनगर कॅम्पसला टॉय अँड गेम डिझाइनचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) आहे, आणि सीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा रस्ताही आहे. पात्रतेच्या अटी त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाच, माझ्या किंवा कुणाच्याही तोंडी सांगण्यावर जाऊ नकोस. तिथे पोर्टफोलिओ, म्हणजे तू आजवर केलेल्या कामाचा संग्रह, बघतात. चौदा पानांच्या अर्धवट खेळापेक्षा चार पानांचा, अनोळखी मुलांनी खेळलेला, तीनदा बदललेला खेळ तिथे कितीतरी जड पडेल.

चोरीचं म्हणशील तर भारताच्या पेटंट कायद्यात कलम ३ (एम) खाली खेळाच्या पद्धतीला पेटंट मिळतच नाही. तू लिहिलेले शब्द आणि काढलेली चित्रं यांचा कॉपीराइट तुझाच, त्यासाठी लपवाछपवीची गरज नाही. फासा टाकायची कल्पना कुणी उचलली तर उचलू दे. एक मात्र ध्यानात ठेव: चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी म्हणून काही विकायला काढलंस तर ते खेळणं ठरतं आणि जानेवारी २०२१ पासून त्यावर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे.

जमलं तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय बघून ये. मार्क वन आणि त्याच्या आधीचा लिटल विली बघायला इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात जावं लागेल, पण कुठल्याही रणगाड्यासमोर उभं राहून त्याच्या पट्ट्याची एक कडी निरखलीस तरी काड्यापेटीत काय राहून गेलं ते कळेल.

वडिलांबद्दल. जॉबर म्हणजे दिवसभर बंद पडलेले माग चालू करणारा माणूस. कुठला भाग आधी जातो, कुठला आवाज आला की समजायचं आता थांबणार, कुठली दुरुस्ती चालू मागावर करता येते आणि कुठल्या दुरुस्तीला पट्टा उतरवावाच लागतो, हे त्यांना झोपेत विचारलंस तरी सांगतील. तुझ्या बिघाडाच्या तक्त्यात आत्ता एकच ओळ आहे: 'इंजिन बंद.' एका रविवारी वही घेऊन त्यांच्यासमोर बस आणि तो तक्ता त्यांच्याकडून भरून घे. करिअरचा विषय त्या दिवशी काढू नकोस.

सहा रणगाडे आणि पेन्सिलीच्या खुणांची प्रत याच पाकिटात आहे. सातवा, झार, भाच्याने ठेवून घेतलाय. चाचणीच्या डावाचे नियम आले की परत करतो म्हणतोय.