अवजड, अवाढव्य आणि विमानाचं पोट

अनुवादाचं काम करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे : लष्करासाठी पुढच्या काळात बांधायच्या मोठ्या वाहतूक विमानांना मालासाठी किती जागा लागेल, यावरचा इंग्रजी मजकूर त्या मराठीत आणताहेत. त्यातल्या 'आउटसाइझ कार्गो'ला त्यांनी 'अवजड माल' म्हटलं आणि 'कार्गो स्पेस'ला 'मालवहन क्षमता'. तपासणाऱ्याने दोन्ही शब्दांखाली रेघ मारली, कारण मात्र सांगितलं नाही. यात चुकलं काय?

ताई, मूळ मजकूर आकाराबद्दल बोलतोय आणि तुमचे दोन्ही शब्द वाचकाला वजनाकडे नेतात. 'अवजड' म्हटलं की कानाला आधी 'जड' ऐकू येतं. पुलाच्या तोंडाशी 'अवजड वाहनांस प्रवेश बंद' ही पाटी लावतात ती पुलाला भार सोसवणार नाही म्हणून. आउटसाइझ माल, म्हणजे नेहमीच्या विमानात न मावणारा माल, जड असेलच असं नाही, तो हलकाही असू शकतो.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. २२ जुलै २०२५ रोजी आपल्या लष्कराची पहिली तीन अपाची हेलिकॉप्टर हिंडनच्या तळावर उतरली, ती अँटोनोव्ह-१२४ या विमानाच्या पोटातून. रिकाम्या अपाचीचं वजन सव्वापाच टनांच्या आसपास, म्हणजे तिघांचं मिळून सोळा टन. आणि ज्या विमानातून ती आली ते १२० टन उचलू शकतं. (लांब पल्ल्याला इंधनच इतकं लागतं की तेवढा माल नेहमी नेता येत नाही, हे खरं. तरी सोळा कुठे आणि एकशेवीस कुठे!) नुसता टनांचा हिशेब केला तर हे विमान जवळजवळ रिकामं आलं. पण हेलिकॉप्टरला शेपूट आहे, चाकं आहेत, पाती काढली तरी वर डोकं उरतं. शिवाय एकावर एक रचता येत नाही. वजन शिल्लक राहतं आणि जागा संपते. या मालाला 'अवजड' म्हटलं तर वाचकाला नेमकं उलटं चित्र दिसेल.

हा फरक आपल्या बोलण्यात मुरलेला आहे. माझ्या आजोळी सुगीनंतर कडब्याच्या गाड्या यायच्या. साटीच्या दोन्ही बाजूंना पेंढ्या बाहेर आलेल्या, वर घराच्या पाखीएवढी उंची, नाडा आवळून बांधलेला, आणि बैल रमतगमत चाललेले. त्याच गाडीत खडी भरली की साटी निम्मीही भरायची नाही, पण आस कुरकुरायचा. 'कडबा मावेना, खडी पेलेना' असं मामा म्हणायचे. वाहतूक विमानांचा सगळा वाद या चार शब्दांत बसतो.

पेलणं वजनाचं, मावणं आकाराचं. शिवधनुष्य पेलायचं असतं, आनंद गगनात मावत नाही. यांची अदलाबदल करून पाहा, लगेच खटकेल. 'क्षमता' हा शब्द मात्र दोन्हींवर पांघरूण घालतो. 'विमानाची क्षमता ७७ टन' एवढं लिहिलं की पेलण्याचं कळलं, मावण्याचं काहीच कळलं नाही. म्हणून माझा आग्रह असा, की वजनासाठी 'भारवहन क्षमता' लिहावं आणि घनफळासाठी शाळेच्या गणितातला 'धारकता' हा शब्द वापरावा. तो आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, फक्त बादली आणि टाकीपुरता उरला आहे.

पण विमानाच्या बाबतीत धारकतेनेही भागत नाही, आणि मला वाटतं तपासणाऱ्याची खरी अडचण इथे असावी. रणगाडा किंवा चिलखती गाडी पाण्यासारखी कोपऱ्याकोपऱ्यांत भरत नाही. तिला आधी शिरावं लागतं. दिंडी दरवाजातून हत्ती जात नाही, मग आत चौक कितीही मोठा असो. आपल्या हवाई दलाकडचं सी-१३०जे सुपर हर्क्युलिस पाहा. हर्क्युलिसचं पहिलं उड्डाण १९५४ सालचं. आपण घेतलेला प्रकार मूळ विमानापेक्षा साडेचार मीटरहून अधिक लांब आहे, म्हणजे धारकता वाढली. पण मालकक्षाची रुंदी तीन मीटरच्या आसपास आणि उंची पावणेतीन मीटर, ती तशीच राहिली. जी गाडी १९५४ मध्ये आत शिरली नसती ती आजही शिरणार नाही. युरोपच्या ए-४००एमचा मालकक्ष चार मीटर रुंद आणि ३.८५ मीटर उंच आहे, त्याचं कारण हेच. आपल्या सी-१७ ग्लोबमास्टरचा तर साडेपाच मीटर रुंद आहे. त्यातही एक खोच अशी, की पंख जिथे धडाला जोडलेले आहेत तिथे छत खाली येतं. पंखाखाली उंची ३.७६ मीटर, पंखामागे साडेचार. जुन्या घरात तुळईखाली आलं की उंच माणूस मान वाकवतो, पण गाडीला मान वाकवता येत नाही. तेव्हा तुळईखालचं माप हेच खरं माप.

या चौकटीपायी अमेरिकेची एक अख्खी योजना अडखळली. 'फ्युचर कॉम्बॅट सिस्टिम्स' या नावाखाली नव्या चिलखती गाड्या आखल्या, तेव्हा त्या हर्क्युलिसमधून नेता याव्यात अशी अट होती. त्यामुळे वजन सुमारे वीस टनांत ठेवायचं आणि अंगही आटोपशीर. पुढे चिलखत वाढत गेलं, वजन चढत गेलं, अट सोडावी लागली, आणि २००९ मध्ये योजनाच रद्द झाली. रद्द होण्याला इतरही कारणं होती. पण गाडीला पाहून विमान बांधायचं की विमानाला पाहून गाडी, हा प्रश्न तेव्हापासून 'भविष्यातल्या मोठ्या विमाना'वरच्या प्रत्येक चर्चेत येतो. तुमच्या मजकुरातला 'स्पेस' हा शब्द या वादातून आला आहे. त्याला 'क्षमता' म्हटलं की वादच पुसला जातो.

आपल्याकडच्या बातम्यांतही हेच होतं. हवाई दलाने डिसेंबर २०२२ मध्ये मध्यम वाहतूक विमानासाठी माहिती मागवली तेव्हा '१८ ते ३० टन क्षमतेचं विमान' एवढंच मथळ्यांत आलं. २५ टनांच्या 'जोरावर' रणगाड्याशी हा आकडा लगेच ताडून पाहता येतो. पण रणगाडा दारातून शिरतो का, हे कुठल्याही मथळ्यावरून कळलं नाही.

आता शब्द. 'कार्गो होल्ड'ला 'मालकक्ष' लिहा आणि लेखाच्या ओघात खुशाल 'विमानाचं पोट' म्हणा. 'हौदा' सुचवणारेही भेटतील. ट्रकला तो शोभतो, पण हौदा वरून उघडा असतो. अमेरिकी लष्कर मालाच्या तीन पायऱ्या करतं : 'बल्क', म्हणजे पॅलेटवर (माल रचून बांधायच्या सपाट फळीवर) रचून मावणारा, 'ओव्हरसाइझ', म्हणजे पॅलेटबाहेर जाणारा तरी बऱ्याच विमानांत शिरणारा, आणि 'आउटसाइझ', ज्याला सी-१७ किंवा सी-५ गॅलक्सीसारखं पोटच लागतं. यांना मी अनुक्रमे 'पॅलेटवरचा', 'पॅलेटबाहेरचा' आणि 'मापाबाहेरचा माल' म्हणेन. सैल मजकुरात शेवटच्याला 'अवाढव्य' चालेल, कारण तो शब्द आकाराचा आहे, वजनाचा नाही. ट्रेलरवाले अशा मालाला 'ओडीसी' (ओव्हर डायमेन्शनल कार्गो) म्हणतात आणि तीच अक्षरं मागच्या फळीवर रंगवतात. रस्त्यावरच्या मालासाठी तो शब्द पक्का रुळला आहे, पण विमानाच्या लेखात वाचक अडखळेल.

जाता जाता एक जास्तीचा शब्द देतो, कारण तुमच्या मजकुरात पुढे लोडमास्टरचं, म्हणजे विमानात माल तोल सांभाळून लावणाऱ्याचं, काम येणारच. मागे भार जास्त झाला की बैलगाडी 'उलाळ' होते, जू वर उचललं जातं. विमानात माल मागे सरकला की नाक वर उठू पाहतं, त्यालाही 'उलाळ'च म्हणा. याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

तुमचं वाक्य होतं, 'भविष्यातील विमानांची मालवहन क्षमता अवजड मालाच्या गरजेनुसार ठरेल.' मी ते असं लिहीन : 'पुढच्या मोठ्या विमानांचा मालकक्ष किती रुंद आणि किती उंच लागेल, हे मापाबाहेरच्या मालावरून ठरेल.'